साखरेचा माग काढणाऱ्या गर्टीबाई

आमच्या शेजारच्या एका मुलीला दहावीला चांगले गुण पडले होते. पण सायन्सला क्लास लावावे लागतात, कॉलेज लांब आहे, येण्याजाण्याचा खर्च आहे, असे म्हणून घरच्यांनी तिला आर्ट्सला घातले. आता बारावी झाल्यावर ती म्हणते, मला रक्त तपासतात त्या लॅबमध्ये काम करायचे आहे. त्यासाठी सायन्स लागते. म्हणजे पुन्हा अकरावीपासून सुरुवात! तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच तिला समजवा. दोन वर्षं मागं जाऊन कुणी शिकतं का?"

मी मुलीला बोलावून घेतले, पण समजूत काही घातली नाही. एका बाईची हकीकत तेवढी सांगितली. ऐकताना तिची आईही पदराला हात पुसत दारात उभी राहिली. तीच हकीकत आज या सदरात आपल्या वाचक भगिनींसाठी देत आहे.

या बाईंचे नाव गर्टी कोरी. जन्म १५ ऑगस्ट १८९६, प्राग शहरात. हे शहर आज चेक देशात आहे, तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या राज्यात होते. घर ज्यू. वडील ओटो रॅडनिट्झ रसायनतज्ज्ञ होते आणि साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यांची व्यवस्था पाहात. आपल्याकडे साखर उसाची, तिकडे बीटची. मळक्या रसातून पांढरी साखर काढण्याची एक पद्धतही त्यांनी शोधली होती. तीन बहिणींत गर्टी थोरली. म्हणजे साखर ही तिच्या घरातली रोजच्या बोलण्यातली गोष्ट. पुढे आयुष्यभर तिने साखरेचाच अभ्यास केला, पण कारखान्यातल्या नव्हे, माणसाच्या अंगातल्या साखरेचा.

घरची माणसे शिकलेली होती, खाऊनपिऊन सुखी होती. तरी मुलीची शाळा ती मुलीचीच शाळा! त्या काळी चांगल्या घरच्या मुलींना अशा शाळेत घालत, जिथे चारचौघांत कसे बोलावे, कसे वागावे हे शिकवत. १९१२ साली, सोळाव्या वर्षी गर्टीची ती शाळा संपली. मामा बालरोगतज्ज्ञ होते, प्राध्यापक होते. ते म्हणाले, तू डॉक्टर हो. तिच्याही मनात तेच होते. पण मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसायचे तर लॅटिन भाषा हवी, गणित हवे, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र हवे, आणि तिच्या शाळेने यातले काहीच पुरेसे शिकवले नव्हते. हिशेब केला तेव्हा आठ वर्षांचे लॅटिन आणि पाच वर्षांचे गणित व विज्ञान मागे राहिलेले निघाले.

सुट्टीत घरची मंडळी डोंगरात हवा खायला गेली होती. तिथे एक शिक्षक भेटले. त्यांच्याकडे तिने लॅटिनला सुरुवात केली, आणि सुट्टी संपेपर्यंत तीन वर्षांचे लॅटिन पदरात पाडून घेतले. मग एक वर्ष कसून अभ्यास. १९१४ मध्ये ती परीक्षेला बसली आणि पास झाली. आयुष्यात दिलेली सगळ्यात अवघड परीक्षा तीच, असे ती पुढे सांगत असे.

इथे शेजारच्या मुलीने मला मधेच विचारले, "आठ वर्षांचं एका वर्षात? खरं का?" खरे आहे. पण तिला शिकवणीला शिक्षक होते, पोटाची काळजी नव्हती, आणि घरात "कशाला हवं" म्हणणारे कुणी नव्हते, हेही मी तिला सांगितले. उगीच कुणाला चमत्कार करून दाखवायचा नाही.

मेडिकलच्या वर्गात मुली मोजक्याच होत्या. तिथे कार्ल कोरी नावाचा वर्गमित्र भेटला. दोघांना डोंगर चढण्याचा, बर्फावर घसरण्याचा नाद. एकत्र अभ्यास, एकत्र भटकंती. पहिल्या महायुद्धात कार्लला सैन्यात जावे लागले. १९२० मध्ये दोघे डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी लग्न झाले. गर्टीने त्यासाठी धर्म बदलून कॅथलिक पंथ घेतला. तरीही कार्लच्या घरच्यांना धास्ती होतीच: मुलगी मूळची ज्यू, आपल्या मुलाच्या नोकरीत आडवी येईल. माणसाने कागदावर काहीही लिहून दिले तरी जन्म काही कागदावरून पुसला जात नाही, असे मानणारे लोक जगात सगळीकडे असतात. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कार्ल ग्राझ गावच्या विद्यापीठात कामाला गेले, तर तिथे त्यांना आपण ज्यू वंशाचे नाही असा पुरावा द्यावा लागला.

गर्टीबाई तेव्हा व्हिएन्नात लहान मुलांच्या इस्पितळात नोकरी करत होत्या. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती. इस्पितळातल्या निकस जेवणावर राहून राहून त्यांच्या डोळ्यांना अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा विकार जडला. प्रागला माहेरी जाऊन नीट खाल्ले तेव्हा डोळे बरे झाले. लहान मुलांना गाजर, शेवग्याचा पाला, अंडे, पालेभाजी द्या असे या सदरात आपण वरचेवर सांगतो, ते याच विकारासाठी. डॉक्टर असलेल्या बाईलाही तो चुकला नाही.

या देशात राहण्यात अर्थ नाही, हे दोघांनी ओळखले. १९२२ साली कार्ल अमेरिकेतल्या बफेलो शहरी कॅन्सरच्या संस्थेत रुजू झाले आणि काही महिन्यांनी गर्टीबाईही तिथे गेल्या. कार्ल यांना स्वतंत्र काम मिळाले, बाई सहायक. साहेबांचा हुकूम असा, की बाईने आपल्या खोलीत बसून सूक्ष्मदर्शकातून पाहावे, नवऱ्याच्या कामात पडू नये, नाहीतर नोकरी जाईल. काही दिवस बाई खोलीत बसल्या. मग हळूच पुन्हा नवऱ्याच्या टेबलाशी जाऊन काम करू लागल्या. एका विद्यापीठाने कार्ल यांना मोठ्या जागेवर बोलावले, पण बायकोबरोबर संशोधन करायचे नाही या अटीवर. वर गर्टीबाईंना बाजूला घेऊन सुनावले, की नवऱ्याने बायकोबरोबर काम करणे ही अमेरिकन रीत नव्हे, तुम्ही त्याच्या वाटेतली धोंड झाला आहात. बाई रडल्या. कार्ल यांनी ती नोकरी नाकारली.

"बरा होता की नवरा," दारातून शेजारीण म्हणाली.

बरा होताच. पण बरे असण्याचे कौतुक नवऱ्याला, आणि अपमान मात्र बायकोच्या वाट्याला, हेही खरे ना?

आता त्यांनी शोधले काय, ते पाहू. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलो की तोंडात गोडसर लागतो. पिठातला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. ती तोंडात आणि आतड्यात सुटते आणि साखरेचा एकेक कण, म्हणजे ग्लुकोज, रक्तात जातो. सगळी साखर लगेच खर्च होत नाही. उरलेल्या साखरेच्या शरीर पुन्हा माळा ओवते आणि साठवून ठेवते. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो १८५७ मध्ये वेगळा काढून दाखवला. हा साठा दोन ठिकाणी असतो. यकृतात, म्हणजे मटणवाल्याकडे जिला कलेजी म्हणतो तिच्यात, मोठ्या माणसाच्या अंगी सुमारे १०० ग्रॅम, आणि सगळ्या स्नायूंत मिळून त्याच्या तीनचार पट.

ही झाली कणगी. पण कणगीतले धान्य बाहेर कसे येते, आत कसे जाते, कुठे जाते? ते कुणालाच नीट ठाऊक नव्हते. कोरी दांपत्याने उंदरांना मोजून साखर दिली आणि मग ती कुठे किती गेली याचा बारीक हिशेब ठेवला. वाण्याच्या वहीसारखा, जमा-खर्च जुळलाच पाहिजे. १९२९ पर्यंत हिशेब जुळला. हमाल पोते घेऊन जिना चढतो तेव्हा मांडीच्या स्नायूला घाईने ताकद लागते. स्नायू आपल्या साठ्यातली साखर फोडतो, पण तेवढ्या वेळात प्राणवायू पुरत नाही, म्हणून साखर अर्धवट फुटून लॅक्टिक आम्ल तयार होते. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लाने. हे आम्ल वाया जात नाही. ते रक्तातून यकृतात जाते, यकृत त्याची पुन्हा साखर करते, ती साखर रक्तातून परत स्नायूकडे येते. या फेऱ्याला जगभर कोरी चक्र म्हणतात. (जाता जाता, दुसऱ्या दिवशी जे अंग दुखते ते या आम्लामुळे नव्हे. ते आम्ल तासाभरात निघून गेलेले असते. दुखणे असते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचे.)

१९३१ साली ते सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले. कार्ल विभागाचे प्रमुख, बाई संशोधन सहायक. शिक्षण तेच, काम तेच, आणि पगार नवऱ्याच्या तुलनेत नाममात्र. पूर्ण प्राध्यापक व्हायला बाईंना १९४७ साल उजाडावे लागले. सोळा वर्षे! याच सोळा वर्षांत त्यांचे सगळ्यात मोठे काम झाले.

१९३६ च्या उन्हाळ्यात शहर भाजून निघत होते. बाईंना दिवस गेलेले, पहिलेच मूल, वय चाळीसला आलेले. तरी शेवटच्या घटकेपर्यंत त्या प्रयोगशाळेत उभ्या होत्या. बेडकाचे स्नायू बारीक करून, धुऊन त्यांत काय बदल होतो ते पाहणे चालले होते. त्यात त्यांना एक नवा पदार्थ सापडला. साखरेच्या कणाला एका विशिष्ट जागी फॉस्फेट चिकटलेले. माळेतला मणी सुटतो तो नुसता सुटत नाही, फॉस्फेटचे लेबल लावून सुटतो. या पदार्थाला कोरी एस्टर हे नाव पडले. त्याच ऑगस्टमध्ये मुलगाही झाला.

मणी सोडवणारे हात कुणाचे? तर एका एन्झाइमचे, म्हणजे विकराचे. त्याचे नाव फॉस्फोरिलेज. ते त्यांनी वेगळे काढले, शुद्ध केले, आणि १९३९ मध्ये काचेच्या नळीत साखरेपासून ग्लायकोजेन करून दाखवले. जिवंत शरीराबाहेर एवढी मोठी माळ ओवली गेली हे पाहून भले भले चकित झाले. गर्टीबाई शुद्धतेबाबत फार कडक. काटा जरा हलला तरी प्रयोग पुन्हा. हाताखालची पोरे त्यांना वचकून असत. स्वभावाने तापट होत्या, सिगारेटी फार ओढत. पण नवा आकडा जुळला की खोलीतून धावत सुटत आणि भेटेल त्याला सांगत.

त्यांच्या प्रयोगशाळेचा दुसरा एक विशेष. तेव्हा अमेरिकेतली अनेक विद्यापीठे ज्यू माणसाला किंवा बाईला कामावर घ्यायला नाखूष असत. कोरी दांपत्याने दोघांनाही दार उघडे ठेवले. तिथे काम करून गेलेल्यांपैकी सहा जणांना पुढे नोबेल मिळाले. त्यात ओचोआ, कॉर्नबर्ग, आणि अर्जेंटिनाचे लेलॉइर हेही आहेत. दार कुणासाठी उघडले याचा हिशेब असाही मांडता येतो.

१९४७ च्या उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे दोघे कोलोरॅडोच्या डोंगरात चढायला गेले. हा त्यांचा तरुणपणापासूनचा छंद. त्या वेळी चढताना बाईंची शक्ती गेली, त्या कोसळल्या. शरद ऋतूत नोबेल पारितोषिकाची बातमी आली. निम्मे पारितोषिक कोरी पतिपत्नींना आणि निम्मे अर्जेंटिनाच्या हूसे यांना. विज्ञानाचे नोबेल मिळवणाऱ्या त्या जगातल्या तिसऱ्या बाई. आधीच्या दोघी म्हणजे मेरी क्युरी आणि त्यांची लेक. वैद्यकाच्या नोबेलमध्ये तर गर्टीबाई पहिल्याच. आणि स्वीडनला निघायच्या तोंडावर तपासणीत कळले, की हाडांतला मगज सुकत चालला आहे, रक्त तयार होत नाही, औषध नाही.

त्या पुढे दहा वर्षे जगल्या. लोकांनी दिलेल्या रक्तावर जगल्या. प्रयोगशाळेशेजारच्या लहान खोलीत एक खाट टाकली होती. थकवा आला की तिच्यावर पडायचे, उठले की टेबलाशी. शेवटी शेवटी तर कार्ल त्यांना उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत.

आणि या आजारपणात त्यांनी जे काम केले, ते आपल्या घराच्या सगळ्यात जवळचे आहे. काही तान्ह्या मुलांचे यकृत फुगून पोट मोठे दिसते. वाढ खुंटते. पहाटे उपाशीपोटी अंगाला दरदरून घाम सुटतो, झटके येतात. गर्टीबाईंनी अशा मुलांच्या यकृताचे तुकडे तपासले. ग्लायकोजेन तिथे ढिगाने होते. कणगी भरलेली, पण तिला दारच नाही! साखरेला चिकटलेले फॉस्फेट काढून तिला रक्तात सोडणारे एन्झाइमच या मुलांत नव्हते. साल १९५२. जन्मजात रोगामागे एका ठरावीक एन्झाइमचा अभाव असतो, हे इथे प्रत्यक्ष दाखवले गेले. पुढे त्यांनी दाखवले की हा एकच रोग नाही, त्याचे प्रकार आहेत. एका प्रकारात माळेच्या फांद्या तोडणारे एन्झाइम नसते. त्या प्रकाराला आज कोरी रोग म्हणतात.

आपल्याकडे अशा मुलाला काय म्हणतात? कुणी म्हणते बाहेरची बाधा, कुणी देवऋषाकडे नेते, आणि सगळे मिळून आईला बोल लावतात: तिच्या दुधातच खोट, तिचा पायगुणच वाईट. म्हणून हे नीट वाचा. हा दोष आई आणि बाप दोघांकडून एकेक येतो, तेव्हाच रोग होतो. दोघेही अंगाने धडधाकट असतात, त्यांना पत्ताही नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक एवढी शक्यता असते. आतेमामे भावंडांत लग्न झाले तर दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करायची आपल्याकडची जुनी रीत आहे. ज्या घरात असे मूल झाले आहे, त्या घराने तरी पुढची सोयरीक जुळवताना डॉक्टरला विचारावे.

रोग पुरता जात नाही, पण मूल वाचते. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवले, की मक्याचा कच्चा स्टार्च पाण्यात कालवून ठरावीक वेळी दिला तर रात्रभर साखर टिकते. शिजवलेला नाही, कच्चाच. शिजवलेला स्टार्च लवकर फुटतो, साखर एकदम येते आणि एकदम संपते. कच्चा सावकाश फुटतो, रात्रभर थोडी थोडी साखर देत राहतो. पण हे माप वजनावर, वयावर आणि रोगाच्या प्रकारावर ठरते, तान्ह्या बाळाला तर वेगळेच. मनाने काही देऊ नये. मोठ्या सरकारी इस्पितळात बालरोग विभागात जावे आणि मूल उपाशी असताना साखर तपासायला सांगावे.

बाईंच्या छंदांबद्दल आणखी थोडे. डोंगर सुटले तरी वाचन सुटले नाही. आठवड्याला पाच-सात पुस्तके वाचनालयातून यायची, बहुतेक चरित्रे आणि इतिहास. घराभोवती बाग होती, तिच्यात दोघेही रमत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत सगळे एकत्र बसत आणि नव्या पुस्तकांपासून राजकारणापर्यंत बोलणे चाले. बाईंना त्यात कुणी चुकीचे विधान केलेले खपत नसे.

२६ ऑक्टोबर १९५७ ला त्या राहत्या घरी वारल्या. वय ६१.

शेजारची मुलगी गणिताचे पुस्तक मागून घेऊन गेली आहे. आई अजून तयार झालेली नाही. खर्चाचे काय, हा तिचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी फीमाफीचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आम्ही येत्या सोमवारी जाणार आहोत.

एक गंमत सांगायची राहिली. २००८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने गर्टीबाईंचे तिकीट काढले. त्यांच्या फोटोमागे कोरी एस्टरचे रासायनिक सूत्र छापले, आणि ते छापताना एक जोडणी चुकली. तिकिटे तशीच विकली गेली. गर्टीबाई असत्या तर सगळा गठ्ठा परत पाठवला असता.